न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर कॅम्परव्हॅन: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

कॅम्परव्हॅनचं, म्हणजे झोपायची-स्वयंपाकाची सोय असलेल्या गाडीतून फिरायचं, ठरलं की बहुतेक जण आधी गाडी शोधायला बसतात. मग विमानाचं तिकीट, मग बघायच्या जागांची लांबलचक यादी, आणि रोज किती गाडी चालवायची हा प्रश्न शेवटी. माझं म्हणणं, क्रम उलटा करा. रोजचे किलोमीटर आधी ठरले की कोणतं बेट, किती दिवस, कोणती गाडी, कुठे मुक्काम हे सगळं आपोआप सुटत जातं. दिवसाला सरासरी दीडशे आणि जास्तीत जास्त अडीचशे किलोमीटर धरा. हा आकडा कागदावर हास्यास्पद वाटतो. तिथल्या रस्त्यावर तो बरोबर निघतो.

१. एकच बेट घ्या

न्यूझीलंडची दोन मुख्य बेटं आहेत आणि दोन्ही 'करून टाकायचा' मोह होतो. हातात तीन आठवड्यांपेक्षा कमी असतील तर दक्षिण बेटच घ्या. क्षेत्रफळ सुमारे दीड लाख चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या निम्म्याच्या आसपास. वस्ती मात्र जेमतेम बारा लाख. रस्ते मोकळे असले तरी बहुतेक ठिकाणी जाणारी एक आणि येणारी एक अशा दोनच मार्गिका असतात. त्यात घाट, नदीवरचे अरुंद पूल आणि दर पाच मिनिटांनी गाडी थांबवावीशी वाटणारी तळी. नकाशा तीन तास सांगतो तिथे कॅम्परव्हॅनला साडेचार धरा.

दोन्ही बेटं करायचीच असतील तर वेलिंग्टन ते पिक्टन फेरीबोट आहे, साधारण साडेतीन तासांची. तिचं तिकीट गाडीच्या लांबीवर ठरतं, त्यामुळे बुकिंगच्या वेळी गाडीची नेमकी लांबी हवी. डिसेंबर-जानेवारीत गाड्यांच्या जागा फार लवकर भरतात.

२. महिना निवडा

तिथले ऋतू आपल्या उलटे. डिसेंबर ते फेब्रुवारी उन्हाळा. डिसेंबरअखेर क्वीन्सटाउनला रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो. पण नाताळ ते जानेवारीअखेर तिथल्या शाळांनाही सुट्टी असते, आणि स्थानिक लोक स्वतःचे कॅरव्हॅन घेऊन बाहेर पडतात. दर चढलेले, जागा भरलेल्या. जमत असेल तर फेब्रुवारीचा दुसरा पंधरवडा ते मार्चअखेर घ्या.

मुलांच्या शाळेमुळे ज्यांचे हात बांधलेले आहेत त्यांच्यासाठी दोन पर्याय. एप्रिलचा दुसरा पंधरवडा: शरद ऋतू, वानाका आणि ॲरोटाउनची झाडं पिवळीधमक, रात्री मात्र कडाक्याच्या. दिवाळीची सुट्टी: वसंत, डोंगरावर बर्फ शिल्लक, आणि नोव्हेंबर मध्याच्या पुढे गेलात तर टेकापो तळ्याच्या काठी ल्युपिनची जांभळी-गुलाबी फुलं. मात्र मिलफर्ड साउंड या डोंगरांत शिरलेल्या समुद्राच्या फाट्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर मे ते नोव्हेंबर चाकांच्या साखळ्या बरोबर बाळगणं सक्तीचं आहे आणि हिमस्खलनाच्या भीतीनं तो रस्ता कधीही बंद होतो, हे लक्षात ठेवून दिवस राखा. जून ते ऑगस्ट पहिल्यांदा जाणाऱ्यानं कॅम्परव्हॅनच्या नादी लागू नये, असं मी स्पष्ट सांगेन.

३. व्हिसा, परवाना आणि बाकीचे कागद

भारतीय पासपोर्टवर आधी व्हिजिटर व्हिसा लागतो. अर्ज ऑनलाइन. निदान दोन-तीन महिने हाताशी ठेवा आणि व्हिसा येईपर्यंत पैसे परत न मिळणारं विमानाचं तिकीट काढू नका. खर्चाच्या तयारीचा निकष माणशी, महिना १,००० न्यूझीलंड डॉलर असा आहे. राहण्याचे पैसे आधीच भरले असतील तर तो ४०० वर येतो, पण कॅम्परव्हॅनवाल्यानं त्या सवलतीवर विसंबू नये. हजाराच्या हिशेबानंच बँकेचे कागद लावा. मराठीतला कोणताही कागद, मग तो सातबारा असो की सहकारी बँकेचा दाखला, इंग्रजी भाषांतरासह जोडा.

बरोबर ठेवायचे कागद:

- पासपोर्ट, व्हिसाची प्रत, परतीचं तिकीट.
- वाहन चालवण्याचा मूळ परवाना. स्मार्टकार्डावर इंग्रजी असतं, ते चालतं. जुनं मराठी पुस्तक असेल तर आधी बदलून घ्या. डिजिलॉकरवरची प्रत दाखवून गाडी मिळेल असं धरू नका.
- आंतरराष्ट्रीय परवाना. इंग्रजी परवाना असताना तो कायद्यानं लागत नाही, तरी मी घ्यायला सांगते. आरटीओत फॉर्म ४-अ, शुल्क हजार रुपये, मुदत एक वर्ष. एखाद्या काउंटरवरचा वाद तेवढ्यानं मिटतो.
- गाडी ज्याच्या नावानं घेतली त्याच्याच नावाचं क्रेडिट कार्ड, भरपूर मर्यादेचं. डेबिट कार्डवर अनामत बहुतेक ठिकाणी घेत नाहीत.
- प्रवास विमा. तिथल्या सरकारी अपघात योजनेत पर्यटकाच्या दुखापतीवरचे उपचार येतात, आजारपण येत नाही. आजोबांची साखर वाढली तर बिल तुमचंच.

न्यूझीलंड ट्रॅव्हलर डिक्लेरेशन नावाचा ऑनलाइन फॉर्म प्रवासाच्या अगदी आधी भरायचा असतो. तो फुकट आहे. पैसे मागणारं संकेतस्थळ दिसलं की ते सरकारी नाही, एवढं ओळखा. भारतातून थेट विमान नाही. ऑस्ट्रेलियामार्गे जाणार असाल तर विमान बदलण्यापुरताही त्यांचा ट्रान्झिट व्हिसा लागतो. सिंगापूरमार्गे कटकट कमी.

४. गाडी: झोपायच्या जागा मोजा, मग पट्ट्याच्या सीटा मोजा

दोन, चार आणि सहा माणसांच्या गाड्या मिळतात. जाहिरातीतला 'चार' म्हणजे चार बिछाने; सीटबेल्टच्या सीटा वेगळ्या मोजा. बिछान्यांतला एक बहुधा ड्रायव्हरच्या डोक्यावर असतो, शिडीनं चढायचा. आई-बाबा बरोबर असतील तर रात्री दोनदा उठून ती शिडी कोण उतरणार, हे घरीच ठरवा. आणि रोज संध्याकाळी जेवणाचं टेबल मोडून पलंग करायचा, सकाळी उलटा खेळ, याचा कंटाळा तिसऱ्या दिवशी येतो. म्हणून जोडप्यानं चारची आणि चौघांनी सहाची गाडी घ्यावी, अशी माझी सूचना. फक्त सहाची गाडी सात मीटरच्या पुढे जाते. घाटात आणि गावातल्या पार्किंगमध्ये ती अंगावर येते. आयुष्यात मोठी गाडी चालवली नसेल तर चारवर थांबा आणि बॅगा कमी करा.

बॅगा मऊ, घडी होणाऱ्या न्या. कडक सुटकेस ठेवायला गाडीत जागाच नसते. सात वर्षांखालच्या मुलाला मान्यताप्राप्त चाइल्ड सीट सक्तीची आहे, आणि कॅम्परव्हॅनच्या प्रत्येक सीटवर ती बसतेच असं नाही. बुकिंगच्या आधी कंपनीला मुलाचं वय कळवून लेखी उत्तर घ्या.

टॉयलेट असलेलीच गाडी घ्या. स्वस्तातल्या छोट्या व्हॅनमध्ये ते नसतं आणि त्याचा फटका मुक्कामाच्या वेळी बसतो. तो हिशेब सातव्या पायरीत येईल.

दिवसाच्या भाड्यावर आणखी काय चढतं ते आधीच विचारा. डिझेल गाडीला 'रोड युजर चार्ज' लागतो, कारण तिथे डिझेलवर पेट्रोलसारखा रस्ताकर नसतो. साडेतीन टनांखालच्या गाडीला हा हजार किलोमीटरला ७६ डॉलरच्या घरात जातो, मोठ्या गाडीला दर वेगळा. डॉलर पन्नास रुपयांच्या आसपास धरा. शिवाय दुसऱ्या ड्रायव्हरचे पैसे, खुर्च्या-टेबल, चादरी आणि क्रेडिट कार्डाचा अधिभार.

५. विम्याचं कलम झोप उडवेपर्यंत वाचा

मूळ भाड्यात विमा असतो, पण नुकसान झाल्यास काही हजार डॉलरपर्यंतची पहिली रक्कम तुमची. ती शून्यावर आणण्यासाठी रोजचे वेगळे पैसे घेतात. घ्या. पण 'शून्य' झाल्यावरही बाहेर राहणाऱ्या गोष्टी असतातच: टपाला लागलेलं झाड किंवा छप्पर, गाडीचा तळ, वाळूत किंवा पाण्यात घातलेली गाडी, टाकीत भरलेलं चुकीचं इंधन. वाऱ्यानं हिसकून घेतलेला दरवाजाही बऱ्याचदा याच यादीत असतो. दक्षिण बेटावर वारा सुटला की दोन्ही हातांनी धरूनच दार उघडा आणि गाडीचं तोंड वाऱ्याकडे करून उभी करा.

काही रस्ते करारानंच निषिद्ध असतात. क्वीन्सटाउनजवळचा स्किपर्स कॅनियन रोड जवळजवळ सगळ्याच कंपन्यांच्या यादीत सापडेल. तिथे काही झालं तर विमा लागूच होत नाही.

६. मार्ग: घड्याळाच्या काट्याप्रमाणे एक फेरी

दोन आठवड्यांसाठी मला पटलेली फेरी अशी. मिलफर्डची ये-जा धरून ती १,९०० ते २,००० किलोमीटर भरते.

ख्राइस्टचर्च ते टेकापो सव्वादोनशे किलोमीटर, सोपा रस्ता, गाडीची सवय व्हायला उत्तम. टेकापोला रात्र काढाच: हा सगळा भाग २०१२ पासून 'डार्क स्काय रिझर्व्ह', म्हणजे तारे दिसावेत म्हणून अंधार राखलेला प्रदेश, आहे. तिथून पुकाकी तळ्याच्या काठानं माउंट कुक, म्हणजे आओराकी, ३,७२४ मीटर. या जागेला एक दिवस जास्तीचा द्या, कारण डोंगर दोन-दोन दिवस ढगात असतो. मग लिंडिस पासमार्गे वानाका.

वानाकाहून क्वीन्सटाउनला नकाशा क्राउन रेंजचा जवळचा रस्ता दाखवेल. हजार मीटरच्या वर चढणारा, देशातल्या मुख्य डांबरी रस्त्यांमधला सगळ्यात उंच. लहान कारला मजेदार आहे. मोठ्या कॅम्परनं क्रॉमवेलवरून वळसा घ्यावा. अर्धा तास जास्त जातो, ब्रेक आणि नवरा-बायकोतला सलोखा शाबूत राहतो.

क्वीन्सटाउनहून 'ते आनाऊ' (Te Anau) या गावापर्यंत १७० किलोमीटर, आणि तिथून मिलफर्ड साउंड आणखी १२० च्या आत. फेरीतला सगळ्यात सुंदर आणि सगळ्यात नखरेल रस्ता हाच. ते आनाऊला टाकी पूर्ण भरा, खाणं घ्या, आणि नकाशा फोनमध्ये उतरवून ठेवा, कारण पुढे बहुतेक रस्त्यावर मोबाइलला रेंज नाही. वाटेत १.२ किलोमीटरचा होमर बोगदा लागतो: आतून उतार, अंधार, भिंती खडबडीत. दिवे लावा, गॉगल काढा. उन्हाळ्यात दिवसा तिथे सिग्नलनं एकेका बाजूची वाहतूक सोडतात, तिथे थांबलात की केआ पोपट येतात. दिसायला गोड, पण चोचीनं खिडकीचं रबर सोलतात. खायला घालू नका.

मिलफर्डला वर्षाला ६,८०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, म्हणजे हिशेब आंबोलीचा. त्यामुळे पावसात बोट सफर रद्द करू नका. खरे धबधबे तेव्हाच उभे राहतात. मिलफर्डच्या पार्किंगमध्ये रात्री गाडीत झोपायला बंदी आहे. वाटेवरच्या कॅस्केड क्रीकच्या तळावर आदल्या रात्री राहून सकाळी लवकर निघा, म्हणजे क्वीन्सटाउनहून येणाऱ्या बसांच्या आधी पोचता.

परत वानाका, मग हास्ट पास ओलांडून पश्चिम किनारा. इथे पेट्रोलपंप विरळ आहेत. हास्टहून फॉक्स ग्लेशियरपर्यंतच्या सव्वाशे किलोमीटरला अर्ध्या टाकीच्या भरवशावर निघू नका. फॉक्स आणि फ्रान्झ जोसेफ या हिमनद्या इतक्या मागे सरल्या आहेत की चालत जाऊन बर्फाला हात लावण्याचे दिवस गेले. लांबून बघायचं किंवा हेलिकॉप्टरचे पैसे मोजायचे. पुढे होकिटिका आणि आर्थर्स पासमार्गे ख्राइस्टचर्च. या घाटात ओटिराचा ४४० मीटर लांब पूल आहे; चढण तीव्र, गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवा.

एक दिवस कोरा सोडा. पश्चिम किनाऱ्याला पर्यायी रस्ता नसतो. मार्च २०१९ मध्ये फ्रान्झ जोसेफजवळचा वायहो नदीवरचा पूल पुरात वाहून गेला आणि ही फेरी मधोमध तुटली. रोज सकाळी वाहतूक खात्याचा जर्नी प्लॅनर आणि मेटसर्व्हिसचा अंदाज बघूनच इंजिन सुरू करा.

७. मुक्काम: 'कुठेही गाडी लावून झोपा' हे विसरा

तीन प्रकार आहेत. पहिला, हॉलिडे पार्क: वीज, गरम पाण्याच्या अंघोळी, कपडे धुण्याचं यंत्र, मोठं सामायिक स्वयंपाकघर. दुसरा, संवर्धन खात्याचे तळ, ज्यांना सगळे नुसतं 'डॉक' म्हणतात. जागा अप्रतिम, सोयी साध्या, काही आधी बुक करावे लागतात तर काही जो आधी येईल त्याला. दोन्हीकडे दर बहुधा माणशी असतो, त्यामुळे चौघांच्या कुटुंबानं गाडीमागे एक आकडा धरून बजेट करू नये.

तिसरा प्रकार फुकटचा, फ्रीडम कॅम्पिंग. त्याला गाडी 'सेल्फ-कंटेन्ड', म्हणजे पाणी, सांडपाणी, संडास सगळं आतच असलेली, लागते. २०२३ च्या कायद्यानं गाडीत पक्का बसवलेला संडास हवा, नुसती सुटी संडासपेटी ठेवून भागत नाही. तसं हिरवं प्रमाणपत्र गाडीवर लावलेलं असतं. ते असलं तरी प्रत्येक नगरपालिकेचे नियम वेगळे, आणि क्वीन्सटाउनच्या भागात ते फार कडक. दंड सहज ४०० डॉलर, म्हणजे वीस हजार रुपये, आणि तो कंपनी तुमच्या कार्डावरून स्वतःचं शुल्क लावून वसूल करते. कॅम्परमेट हे ॲप घ्या. फुकट जागा, डम्प स्टेशन (संडास-सांडपाणी रिकामं करायची जागा), पाणी, सगळं त्यात दिसतं. पण शेवटचा शब्द तिथल्या पाटीचा.

दोन रात्री डॉक, तिसरी रात्र वीजवाल्या हॉलिडे पार्कमध्ये, ही लय ठेवा. बॅटऱ्या, कपडे आणि माणसं तिन्ही ताजी होतात.

८. डबा भरताना हात आखडता घ्या

विमानतळावरची जैवसुरक्षा तपासणी गंमत नाही. खाण्याची प्रत्येक वस्तू फॉर्मवर जाहीर करा. जाहीर केलेली वस्तू फार तर काढून घेतात. लपवलेली सापडली की जागेवर ४०० डॉलर. मध, ताजी फळं, कढीपत्ता, खवा-पेढे, तूप घरीच ठेवा. चिखल लागलेले ट्रेकिंगचे बूट घासून न्या आणि तेही जाहीर करा.

तांदूळ, डाळी, मसाले तिथल्या मोठ्या सुपरमार्केटमध्ये मिळतात, ख्राइस्टचर्चला भारतीय दुकानंही आहेत. पहिल्याच दिवशी पॅकन्सेव्हला जाऊन आठवड्याचं सामान भरा. पश्चिम किनाऱ्यावर दुकानं लहान आणि महाग. इथून न्यायची तर पाकीटबंद भाजणी, गोडा मसाला आणि एक छोटा कुकर. कुकरचं वजन वसूल होतं.

फोडणी मात्र गाडीत देऊ नका. गाद्या आणि पडदे वास धरतात आणि परत करताना स्वच्छतेचे पैसे कापले जातात. पार्कच्या स्वयंपाकघरात निवांत करा. गाडीत स्वयंपाक करताना खिडकी उघडी हवी. गॅसनं गाडी गरम करायचा प्रयत्न जिवावर बेतू शकतो.

९. गाडी ताब्यात घेताना

रात्रभराच्या विमानप्रवासानंतर थेट स्टिअरिंगवर बसू नका. पहिली रात्र ख्राइस्टचर्चला हॉटेलात झोपा आणि सकाळी डेपोत जा. भाडं दिवसाचं असतं. दुपारी तीनला गाडी घेतली तरी तो अख्खा दिवस मोजतात.

डेपोतला माणूस भराभरा सगळं दाखवतो. त्याचा व्हिडिओ काढा: गॅस कुठून बंद, हीटर कसा, संडासाची कॅसेट, म्हणजे मैल्याची पेटी, कशी निघते. मग काच, टप, चाकं आणि बंपर यांचाही. गाडीची उंची चिकटपट्टीवर लिहून समोरच्या काचेच्या कोपऱ्यात लावा. मायक्रोवेव्ह आणि भिंतीतले प्लग बाहेरची वीज जोडल्यावरच चालतात. एरवी दिवे आणि पंप तेवढे बॅटरीवर. प्लगच्या पिना आपल्यापेक्षा वेगळ्या, तेव्हा अडॅप्टर न्या.

१०. रस्त्यावर

आपल्यासारखंच डावीकडून चालवायचं, त्यामुळे निम्मी भीती जाते. बाकीच्या सवयी बदलाव्या लागतात. बाहेरच्या रस्त्यावर मर्यादा १००, गावात साधारण ५०, आणि साडेतीन टनांवरच्या गाडीला ९०. गोल चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्या. 'स्टॉप'ला चाकं पूर्ण थांबली पाहिजेत. तुमच्या बाजूला अखंड पिवळी रेघ असेल तर ओव्हरटेक नाही. हॉर्न विसरून जा.

एकेरी पूल पश्चिम किनाऱ्यावर भरपूर. पाटीवर तुमच्या दिशेचा बाण लहान आणि लाल असेल तर थांबा. मोठा पांढरा असेल तर हक्क तुमचा, तरीही समोर बघूनच जा.

मागे तीन-चार गाड्या साचल्या की सुरक्षित जागा बघून बाजूला घ्या. न घेतल्यास लोक पोलिसांना फोन करून पर्यटकाची तक्रार करतात, आणि पोलीस खरोखर येतात. फोटोसाठी रस्त्यातच थांबणं तर अजिबात नको. अंधारात चालवू नका. संकटात १११ वर फोन.

११. पाणी, सांडपाणी, संडास

गाडीत तीन टाक्या: स्वच्छ पाणी, सांडपाणी, संडासाची कॅसेट. कॅसेट दर दोन दिवसांनी रिकामी करायची आणि फक्त डम्प स्टेशनवर. पाळी लावा, म्हणजे भांडण नाही. आत टॉयलेट पेपरच टाकायचा. जेट स्प्रे नसतो. प्लास्टिकचा मग न्या, पण पाणी जपून, नाहीतर कॅसेट एका दिवसात भरते. भांडी घासलेलं पाणी गवतावर सोडणं हा गुन्हा समजा.

पश्चिम किनारा आणि मिलफर्डला सँडफ्लाय नावाच्या बारीक काळ्या माश्या चावतात आणि खाज आठवडाभर राहते. तिथलंच मलम-स्प्रे घ्या, आणि संध्याकाळी दार उघडं टाकून गप्पा मारू नका.

१२. परत करताना

शेवटची रात्र ख्राइस्टचर्चमधल्याच पार्कात काढा. डिझेल पूर्ण भरा. पंपावर नोझलवरचं नाव वाचूनच, घाईत शेवटच्या दिवशीच चूक होते. कॅसेट आणि सांडपाण्याची टाकी रिकामी करा, भांडी घासा, केर काढा. डेपो दुपारी लवकर बंद होतात, म्हणून विमान संध्याकाळचं असलं तरी गाडी सकाळीच द्या. पुन्हा चारी बाजूंचा व्हिडिओ, किलोमीटरचा आणि इंधनाच्या काट्याचा फोटो, आणि 'नुकसान नाही' असं लिहिलेली पावती हातात घेऊनच निघा. अनामत रक्कम भारतीय कार्डावर परत दिसायला काही दिवस लागतात. तोवर ती पावती फेकू नका.